पिंजऱ्यातली येरझार

एकाच रेषेत सात-आठ पावलं, कोपऱ्यात मान वळवायची, पुन्हा तीच पावलं. जमिनीवर पायवाट उमटते. बघणारा म्हणतो, ‘बिबट्या फिरतोय.’ प्रत्यक्षात ते फिरणं नसतं. बंदिस्त जनावराच्या मनावर आलेल्या ताणाची ती खूण असते.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून बिबटे मोजले. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, उसाच्या भरवस्तीत शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. रात्रभर बांधाबांधाने हिंडणारं हे जनावर. सापळ्यात सापडलं, जखमी असलं, की त्याचं जग काही फुटांवर येतं. जुन्नरजवळच्या माणिकडोह निवारा केंद्रात असे कितीतरी बिबटे आयुष्य काढतात.

2003 साली ऑक्सफर्डच्या रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन यांनी दाखवून दिलं, की निसर्गात ज्याचा वावर जितका मोठा, तितकी बंदिवासात त्या मांसाहारी प्राण्याची येरझार जास्त, आणि पिल्लंही जास्त दगावतात.

रानातला तेवढा वावर पिंजऱ्यात देता येत नाही, म्हणून नुसती जागा वाढवून भागत नाही. उंच मचाण हवं, लोकांच्या नजरेआड व्हायला आडोसा हवा. मांस समोर न टाकता ओंडक्यात दडवलं, की बिबट्या वास घेतो, पंजा घालतो, ओढतो. तेवढा वेळ ती पायवाट रिकामी असते.