यात ‘पगार’ कुठून आला?

मराठी माध्यमातून बारावी झालेल्या मुलीनं पदवीला स्पॅनिश घ्यावं, हे आमच्या मंठा तालुक्यात कुणाच्या पचनी पडेना. ‘ते कुठं बोलतात?’ हा पहिला प्रश्न आणि ‘बोलून पोट भरतं का?’ हा दुसरा. घरात माझ्याआधी विद्यापीठाची पायरी चढलेलं कुणी नव्हतं. वडील जालन्याला सळयांच्या कारखान्यात, आठवड्यानं घरी येत. आई शेतावर. ‘वर्षभर बघू, नाहीतर स्थळं पाहायला लागू,’ असं वडिलांनी सांगूनच टाकलेलं.

अजिंठा एक्स्प्रेसनं रात्री जालना सोडलं की सकाळी हैदराबाद. तसं आम्हा मराठवाड्याच्या लोकांना हैदराबाद परकं नाही. 1956 पर्यंत आम्ही त्याच राज्यात होतो, निजामाच्या काळात तर आमच्याकडची मुलं उर्दूतून शिकली. पण हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि होस्टेलच्या खोलीत रडू आवरणं वेगळं!

खरं सांगायचं तर माझी अडचण स्पॅनिशची नव्हतीच, इंग्रजीची होती. स्पॅनिशचा शब्दकोश इंग्रजीत अर्थ सांगायचा, म्हणून शेजारी इंग्रजी-मराठी कोश उघडा ठेवायचा. एका शब्दासाठी दोन कोश! पहिले दोन महिने मी वर्गात तोंडच उघडलं नाही.

मग आलं ‘मे गुस्ता’. इंग्रजीत ‘आय लाइक’ म्हणताना कर्ता माणूस असतो. स्पॅनिशमध्ये ती वस्तूच माणसाला आवडते. इंग्रजी शाळांतून आलेल्या मुली इथे चांगल्याच अडखळल्या. मला कळेचना, यात अवघड काय? ‘मे गुस्ता एल माइस’, मला मका आवडतो. ‘मे गुस्तान लास नारांखास’, मला संत्री आवडतात. संत्री अनेक, म्हणून क्रियापदही अनेकवचनी, अगदी आपल्यासारखं. (आणि ‘नारांखा’ म्हणजे आपलं नारिंगच, फिरत फिरत तिकडे गेलेलं.) ‘तू’ला तिथे ‘तू’च म्हणतात आणि मोठ्या माणसाला ‘उस्तेद’. बापाला आणि धाकट्या भावाला एकच ‘यू’, हे मला कधी रुचलंच नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा मी फळ्यापाशी जाऊन वाक्यं लिहिली आणि मराठीशी ताडून समजावून सांगितली.

म्हणजे सगळं सोपं का? छे! आपल्या एका ‘आहे’साठी तिथे ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदं. ‘मी मराठी आहे’ आणि ‘मी होस्टेलवर आहे’ यातले ‘आहे’ वेगवेगळे. शिवाय आपला चांदोमामा तिकडे चक्क बाई, ‘ला लूना’!

सुट्टीत घरी मोठ्यानं वाचत होते, तर आई कापूस निवडता निवडता थांबली. ‘काय वाचायलीस गं? ह्याच्यात पगार कुठून आला?’ शब्द होता ‘पागार’, म्हणजे पैसे देणं. आपला पगार आला पोर्तुगीजमधून, आणि ती स्पॅनिशची सख्खी बहीण. पाव, चावी, सगळी त्याच घरची मंडळी. तिला गंमत वाटली. नंतर कितीतरी दिवस ती मला असले शब्द विचारत होती.

वडिलांच्या बाबतीत मात्र पांडुरंग खानखोजे कामी आले. हे वर्ध्याचे, गदर चळवळीतले क्रांतिकारक. 1924 मध्ये मेक्सिकोत पोचले, तिथल्या चापिंगोच्या कृषी संस्थेत शिकवू लागले, मका-गव्हाच्या वाणांवर काम केलं. चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी त्यांना भित्तिचित्रात रंगवलं, 2022 मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळाही बसला. जालना पडलं बियाण्यांचं गाव, 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली ती इथेच. त्यामुळे मका मूळचा मेक्सिकोचा, हे ऐकल्यावर वडील जरा सावरून बसले. ‘वर्ध्याचा माणूस तिथं त्यांच्या भाषेत शेती शिकवत होता?’ त्यानंतर स्थळांचा विषय दोन वर्षं तरी निघाला नाही.

मैत्रिणींनो, बारावीनंतर स्पॅनिशमध्ये पदवी हैदराबादच्या ‘इफ्लू’त किंवा दिल्लीच्या ‘जेएनयू’त करता येते. प्रवेश परीक्षा मात्र द्यावी लागते.

मी आता भाषांतराची कामं करते. औषधांची माहितीपत्रकं, यंत्रांची पुस्तकं, क्वचित कुणाचं पत्र. याचे पैसे शब्दावर मिळतात, हे वडिलांना अजूनही खरं वाटत नाही. परवा फोनवर विचारत होते, ‘आणि ‘आहे’चेही देतात?’