भिंतीवरचा टीव्ही आणि भिंतीतली वायर

नवा टीव्ही घरी येतो तो दिवस सगळ्या घराचा असतो. मुले खोक्याभोवती नाचतात, दादीजान चष्मा पुसून बसतात, शेजारच्या खाला डोकावून जातात. कंपनीचा माणूस येतो, भिंतीला चार भोके पाडतो, स्टँड ठोकतो, टीव्ही अडकवतो आणि विचारतो, "बोर्ड कुठे आहे?" बोर्ड असतो दाराजवळ. मग एक एक्स्टेन्शन बोर्ड शोधला जातो आणि त्याची वायर भिंतीवरून लोंबकळत टीव्हीपर्यंत जाते. दोन दिवसांनी घरातलेच कोणीतरी म्हणते, "ही वायर फार वाईट दिसते, लपवता येईल का?"

प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर बहुतेक घरांत चुकीचे दिले जाते. वायर दिसेनाशी झाली की काम झाले असे आपण समजतो. खरे तर वायर डोळ्यांआड जाते तेव्हा ती नीट असण्याची गरज जास्त असते, कारण पुढे तिच्यात बिघाड झाला तर तो कोणाला दिसणार नाही.

हा प्रश्न आताच का आला?

१९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले. त्यानंतर कितीतरी वर्षे टीव्ही म्हणजे टेबलावर किंवा शोकेसमध्ये ठेवायचे जड खोके होते. त्याचा प्लग हाताशी असे आणि रात्री झोपताना कोणीतरी आठवणीने बटण बंद करी. आता टीव्ही पातळ झाला आणि भिंतीवर चढला, पण आपल्या घरांचे वायरिंग जुनेच राहिले. थेरगावात हे फार स्पष्ट दिसते. एकीकडे डांगे चौकाच्या आजूबाजूला आणि पवनेच्या काठाकडे जुन्या चाळी आणि गुंठा-दोन गुंठ्यांवर मजले चढवत नेलेली घरे आहेत, दुसरीकडे वाकडच्या बाजूला उंच इमारती उभ्या आहेत. भोसरी, चाकणच्या कारखान्यांत कामाला जाणारी किती तरी कुटुंबे इथे एक-दोन खोल्यांत भाड्याने राहतात. खोली बांधताना मालकाने एक दिवा, एक पंखा आणि एक प्लग एवढाच हिशेब धरलेला असतो. आता त्याच एका प्लगवर टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, वायफाय, मोबाइलचे चार्जर आणि कधी कधी इस्त्रीसुद्धा असते.

धोका टीव्हीत नसतो, जोडात असतो

टीव्ही फार वीज खात नाही. ४३ इंची टीव्ही साधारण १०० वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे जवळजवळ एका पंख्याएवढी. सेट-टॉप बॉक्स आणि साउंडबार धरले तरी २३० व्होल्टवर हा भार एक अँपिअरच्या आतच राहतो. आपला साधा प्लग ६ अँपिअरचा असतो. मग भीती कशाची?

पहिली भीती ढिल्या जोडाची. दोन वायरी पिळून वर टेप गुंडाळली, किंवा स्वस्तातल्या मल्टिप्लगमध्ये पिन सैल बसली, की त्या जागी ठिणग्या पडतात आणि उष्णता वाढते. इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ढिल्या जोडामुळे वीजप्रवाह वाढत नाही, म्हणून एमसीबीला काही कळत नाही आणि ती पडत नाही. जोड तापत राहतो, प्लास्टिक वितळते आणि शेजारी प्लायवूड, पडदा किंवा पीव्हीसी पॅनेल असेल तर ते पेटते. हे उघड्यावर घडले तर वास येतो, काळा डाग दिसतो. पॅनेलच्या मागे घडले तर कळायला उशीर होतो.

दुसरी भीती अशी की टीव्हीसाठी लावलेल्या बोर्डवर पुढे काहीही लावले जाते. हजार वॅटची इस्त्री चार अँपिअरपेक्षा जास्त घेते आणि दीड हजार वॅटची किटली साडेसहा. एक्स्टेन्शनची बारीक वायर एवढ्या भाराने गरम होते, आणि ती भिंतीत गाडलेली असेल तर गरमी बाहेर जायला वाट नसते.

विजेची आग काय करते हे पिंपरी-चिंचवडने पाहिले आहे. ३० ऑगस्ट २०२३ च्या पहाटे चिखलीच्या पूर्णानगरात एका दुकानाला आग लागली आणि तिथेच झोपलेले आई-वडील आणि त्यांची दोन मुले असे चौघे गेले. आग शॉर्टसर्किटने लागली असावी असा प्राथमिक अंदाज तेव्हा व्यक्त झाला होता. तिथे टीव्हीचा संबंध नव्हता, पण वेळ पाहा. घर झोपलेले असते तेव्हा वायरकडे कोणाचेच लक्ष नसते. रिमोटने बंद केलेला टीव्हीही रात्रभर विजेला जोडलेलाच असतो.

योग्य पद्धत कोणती?

टीव्हीची वायर बोर्डापर्यंत न आणता बोर्डाची वीज टीव्हीच्या मागे न्यावी. म्हणजे टीव्हीच्या मागेच एक पक्का पॉइंट काढावा. त्यासाठी आयएसआय मार्कच्या पीव्हीसी पाइपातून दीड चौरस मिलिमीटरच्या तीन वायरी आणाव्यात. लाल फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची. त्या थेट बोर्डापासून पॉइंटपर्यंत सलग हव्यात, मध्ये जोड नको. पॉइंटवर ६ अँपिअरची दोन-तीन सॉकेट ठेवली की एक्स्टेन्शनची गरजच उरत नाही.

या पॉइंटचे बटण मात्र टीव्हीच्या मागे नको. ते खाली, हात पोहोचेल अशा बोर्डावर हवे. टीव्हीमागचे सॉकेट झाकले जाते. धूर दिसला तर टीव्हीमागे हात घालायची वेळ येऊ नये.

मापे आधी घ्या. चपट्या स्टँडवर टीव्ही आणि भिंत यांत तीन-चार सेंटिमीटरच जागा राहते, आणि तीन पिनी प्लग त्याहून जास्त पुढे येतो. म्हणून सॉकेटचा डबा भिंतीत थोडा खोल बसवावा किंवा टीव्हीच्या पाठीला जिथे खोलगट जागा आहे तिथे आणावा. स्टँडच्या मध्यावर तो कधीच नको, नाहीतर नेमके तिथेच ड्रिल चालवावे लागते.

टीव्हीची उंचीही याच वेळी ठरवा. आपल्याकडे पुष्कळ घरांत गादीवर किंवा सतरंजीवर बसूनच टीव्ही पाहतात. जमिनीवर बसलेल्याची नजर साधारण अडीच फुटांवर असते, सोफ्यावर बसलेल्याची साडेतीन फुटांवर. टीव्ही फोटोसारखा उंच लावला तर मान दुखते. मग तो खाली घ्यायचा म्हटले की पॉइंटही चुकतो.

दुसऱ्या पाइपाची गरज

एचडीएमआय, डिशची केबल, इंटरनेटची वायर यांच्यासाठी वेगळा पाइप हवा. त्या विजेच्या पाइपातून नेऊ नयेत. विजेच्या वायरीचे आवरण घासले गेले तर २३० व्होल्ट एचडीएमआयच्या धातूपर्यंत पोहोचू शकतात, आणि मग सेट-टॉप बॉक्सला हात लावणाऱ्यालाही झटका बसतो. शिवाय जवळून जाणाऱ्या विजेच्या वायरीमुळे चित्रात किंवा आवाजात खरखर येऊ शकते.

एचडीएमआयचे टोक रुंद असते, ते बारीक पाइपातून जात नाही. म्हणून टीव्हीपासून खालच्या कपाटापर्यंत सरळ उभा दोन इंची पाइप टाकतात आणि आत एक मजबूत दोरी सोडून ठेवतात. पुढे केबल बदलायची झाली तर दोरीला बांधून ओढली की झाले. टीव्हीची स्वतःची पॉवरची वायर मात्र या पाइपातून खाली नेऊ नका.

आधी भिंत ओळखा

झिरी मारण्यापूर्वी भिंत कसली आहे ते पाहिले पाहिजे. थेरगावात मुख्यतः तीन प्रकार सापडतात.

जुन्या चाळीत आणि आतल्या आडभिंतींत विटांची साडेचार इंची भिंत असते. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नसावी, असा बांधकामातला नियम आहे. साडेचार इंच म्हणजे सुमारे ११५ मिलिमीटर. म्हणजे उभी झिरी फार तर ३८ मिलिमीटर आणि आडवी १९. विजेचा २५ मिलिमीटरचा पाइप उभा बसेल, आडवा नाही. दोन इंची पाइप तर कसाही बसत नाही. अशा भिंतीच्या पलीकडे बहुधा शेजाऱ्याची खोली असते. तिथे झिरीचा हट्ट सोडून केसिंग पट्टी वापरलेली बरी.

नव्या इमारतींत सिपोरेक्सचे हलके ब्लॉक असतात. ते सहज कापले जातात, पण साधा स्क्रू त्यात धरत नाही. टीव्हीच्या स्टँडसाठी अशा ब्लॉकचे खास लांब फास्टनर लागतात.

काही उंच इमारती मायवान पद्धतीच्या आहेत. तिथे भिंतच काँक्रीटची असते, आत सळ्या असतात आणि इमारतीचा भार त्या भिंतीवर असतो. अशा भिंतीत झिरी मारू नये. एक सळी कापली तर नुकसान फक्त आपल्या हॉलचे होत नाही. इथे बिल्डरने ठेवलेला टीव्ही पॉइंट वापरावा, नाहीतर भिंतीवर पट्टी किंवा पुढे लाकडी पॅनेल करावे.

भिंत कसलीही असो, बोर्डाच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल चालवू नका, कारण वायरी तिथूनच गेलेल्या असतात. मागे मोरी असेल तर पाण्याचा पाइप कुठून गेला आहे ते आधी विचारा.

भाड्याच्या खोलीत काय करायचे?

भाडेकरूला भिंत फोडता येत नाही, आणि फोडली तर डिपॉझिटमधून पैसे कापले जातात. त्यांच्यासाठी केसिंग-केपिंग हा चांगला उपाय आहे. झाकणाची ही प्लास्टिकची पट्टी भिंतीवर स्क्रूने बसते आणि भिंतीचाच रंग दिला तर डोळ्यांत भरत नाही. विजेसाठी एक पट्टी आणि केबलसाठी शेजारी दुसरी असावी. नुसत्या चिकटपट्टीवर विजेची पट्टी सोडू नका, पावसाळ्यात ओल आली की ती सुटते. पट्टीतही सलग तीन वायरी आणि शेवटी पक्के सॉकेट हवे. एक्स्टेन्शनची वायर पट्टीत कोंबणे म्हणजे जुनाच धोका झाकणे.

मागे पॅनेल करणार असाल तर सुताराला सांगा की पॅनेलच्या आतही वायर पाइपातूनच जाईल. प्लाय आणि पीव्हीसी दोन्ही जळतात, आणि पॅनेलमागे उंदीर वायर कुरतडतात.

मालकाशी आधी बोला. पक्का पॉइंट आपण गेल्यावरही त्याच्याच खोलीला राहणार आहे, त्यामुळे निम्मा खर्च मागायला हरकत नाही.

अर्थिंग, एमसीबी आणि आरसीसीबी

पुष्कळ जुन्या खोल्यांत सॉकेटला तिसरे भोक असते, पण त्यामागे अर्थिंगची वायरच नसते. वायरमनकडून हे तपासून घ्या. कोणी न्यूट्रललाच अर्थिंगच्या पिनेला जोडून "अर्थिंग दिली" म्हणाला तर ते काम लगेच काढायला लावा. न्यूट्रल तुटला की उपकरणाच्या धातूच्या अंगात करंट येतो.

एमसीबी वायरीला जास्त भारापासून वाचवते, माणसाला झटक्यापासून नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. करंट गळू लागला की ती क्षणात वीज तोडते. तिच्यावर 'टेस्ट' असे छोटे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबा. वीज गेली नाही तर आरसीसीबी बदला. एमसीबी वारंवार पडते म्हणून १० ची काढून ३२ ची बसवणारे लोक आहेत. त्याने पडणे थांबते, पण मग बारीक वायर जळेपर्यंत वीज चालूच राहते.

वळवाच्या पावसात विजा कडकडू लागल्या तर टीव्हीचा प्लग काढा आणि डिशची केबलही काढा. गच्चीवरच्या डिशमधून येणारी वीज प्लग काढला म्हणून थांबत नाही. पवनेचे पाणी ज्यांच्या घरात शिरते त्यांनी पाणी चढण्याआधी मेन बंद करावा, आणि पाणी उतरल्यावर वायरमनने पाहिल्याशिवाय चालू करू नये.

काम कोणाकडून करून घ्यायचे?

नवा पॉइंट काढणे हे परवानाधारक माणसाचे काम आहे. आपल्या भागात आयटीआयमधून तारतंत्री किंवा वीजतंत्री होऊन बाहेर पडलेली मुले कमी नाहीत. कामाआधी परवाना विचारायला संकोच करू नका. आणखी एक गोष्ट आम्हाला सांगावीशी वाटते. आपलेच भाऊ, मुलगे चाकण-भोसरीच्या कारखान्यात पॅनेल उघडण्याआधी वीज बंद करतात, त्याला कुलूप लावतात, पाटी टांगतात. तसे केले नाही तर सुपरवायझर हात लावू देत नाही. तीच माणसे रविवारी घरी, मेन न पाडता, ओल्या फरशीवर उभे राहून बोर्ड उघडतात. घरी सुपरवायझर नसतो, म्हणून घरच्या बाईने तो व्हावे. मेन पाडल्याशिवाय आणि टेस्टरने पाहिल्याशिवाय बोर्डाला हात लावू देऊ नये.

काम झाल्यावर पाइप झाकण्याआधी मोबाइलवर भिंतीचा फोटो काढून ठेवा, शेजारी मोजपट्टी धरून. पाच वर्षांनी खिळा ठोकताना तो उपयोगी पडेल.

जळका वास आला, सॉकेट गरम लागले किंवा टीव्ही चालू-बंद होऊ लागला तर थांबू नका. मेन बंद करा, आगीवर पाणी टाकू नका, मुलांना आणि वडीलधाऱ्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा. विजेच्या तक्रारीसाठी महावितरणचा क्रमांक १९१२ आहे. हे दोन्ही क्रमांक स्वयंपाकघराच्या दारामागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, म्हणजे घरात एकटी असलेली मुलगीही ते वाचू शकेल. आणि रात्री झोपताना टीव्हीचे खालचे बटण बंद करण्याची जुनी सवय पुन्हा लावून घ्या.