छाती का धडधडते?

मुलांनो, खो-खो खेळून आलात की छाती धडधडते, धाप लागते, हो ना? माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी यालाच घाबरली. खेळाच्या तासाला बसूनच राहू लागली. "बाई, माझं हृदय बिघडलंय," म्हणाली. मग आम्ही सगळ्या वर्गाचीच नाडी मोजली!

तुम्हीही मोजा. मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा. १५ सेकंदांतले ठोके मोजा, ४ ने गुणा. आता दोन मिनिटं दोरीवरच्या उड्या मारा आणि लगेच पुन्हा मोजा. आकडा कितीतरी वाढला ना?

त्याचं कारण असं. पळताना स्नायूंना जास्त प्राणवायू लागतो. फुप्फुसं तो हवेतून घेतात, हृदय तो रक्ताबरोबर पोचवतं. मोठ्या माणसाचं हृदय बसल्या जागी मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलतं, जोरात पळताना २० लिटरपर्यंत! म्हणजे धडधड हा बिघाड नव्हे, कामाची खूण आहे.

रोज खेळलं की हृदय बळकट होतं, एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं. म्हणून लांब पल्ल्याच्या कसलेल्या धावपटूंची स्वस्थ बसल्यावरची नाडी ४०-५० सुद्धा असते. श्वासाचे स्नायूही तयार होतात, धाप उशिरा लागते.

मात्र खेळताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर थांबा आणि घरी सांगा. पालकांनो, अशा वेळी डॉक्टरांना जरूर दाखवा.

आणि ती मुलगी? तिचे ठोके इतरांइतकेच निघाले. आता खो-खोत ती पहिल्या फळीत असते!