घरात मुलं कमी, म्हातारी माणसं जास्त : आपल्या मिळकतीचं काय होणार?



तुमच्या सासूबाईंना किती भावंडं होती, ते आठवा. सहा, सात, कुणाला आठ. तुम्हाला किती? तीन-चार. आणि तुमच्या मुलांना? बहुतेक घरांत एक किंवा दोन. आता शाळेतला पट बघा आणि पगार जमा झाल्यावर बँकेसमोर लागलेली निराधारांची रांग बघा. पट घटतोय, रांग वाढतेय. हा बदल फक्त आपल्या गावात नाही. साऱ्या देशाच्या मिळकतीशी त्याचा संबंध आहे, म्हणून या अंकात तो समजून घेऊ.

आकडे काय सांगतात?

सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये महाराष्ट्रात एका बाईला सरासरी २.९ मुलं होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा १.७ वर आला. लोकसंख्या आहे तेवढीच राहायला तो २.१ च्या आसपास लागतो : दोन मुलं आईबापाच्या जागी, आणि थोडं जास्त कारण काही मुलं मोठी होण्याआधीच दगावतात. म्हणजे आपलं राज्य त्या रेषेच्या खाली गेलंय. दुसरीकडे आयुष्य वाढलंय. २०११ च्या जनगणनेतच राज्यातल्या दर १०० माणसांत सुमारे १० जण साठीच्या पुढचे होते.

मुलं कमी झाली याचा फायदाही झाला. खाणारी तोंडं कमी आणि कमावते हात जास्त, असं झालं की घरात दोन पैसे उरतात. त्यातूनच मुली शिकल्या, आपण गटात आलो, बचत केली. पण हीच कमावती पिढी एक दिवस म्हातारी होते, आणि तिच्यामागे येणारे हात कमी असतात. पेच तिथे सुरू होतो.

पापडाचा हिशोब

समजा, एका गटात दहा जणी पापड करतात. प्रत्येकी रोज चार किलो, म्हणजे ४० किलो. वयामुळे दोघी थांबल्या आणि नवीन कुणी आली नाही, तर माल ३२ किलोवर येतो. पुन्हा ४० किलो करायचे तर उरलेल्या आठ जणींना प्रत्येकी पाच किलो करावे लागतील. त्यासाठी यंत्र हवं, प्रशिक्षण हवं, तब्येत धड हवी. शिवाय थांबलेल्या दोघींचं जेवण-औषध चालूच आहे. त्यांच्यापैकी एकीला पडून राहावं लागलं, तर तिची सून अर्धाच दिवस कामाला येणार.

देशाचंही असंच असतं. हात किती आणि एकेक हात किती कमावतो, यावर एकूण मिळकत ठरते. हात कमी झाले की वाढ मंदावते, आणि पेन्शन, दवाखाना यांवरचा खर्च मात्र वाढतो.

जपानमध्ये हे आधीच घडलंय. तिथे दर १०० माणसांत सुमारे २९ जण पासष्टीच्या पुढचे आहेत. २०२४ मध्ये तिथे ७ लाखांपेक्षाही कमी बाळं जन्मली. कामाला माणसं मिळत नाहीत आणि सुमारे ९० लाख घरं रिकामी आहेत. पण जपान आधी श्रीमंत झाला, मग म्हातारा झाला. २००० सालापासून तिथे म्हाताऱ्यांच्या देखभालीसाठी विमा आहे. चाळिशीपासून प्रत्येकजण हप्ता भरतो, आणि गरज पडली की घरी मदतनीस येते. आपल्याकडे ही मदतनीस कोण? घरातली सून, नाहीतर लेक.

भार कुणावर?

आपल्यातल्या कित्येकींच्या बाबतीत हे झालंय. शिलाईचा धंदा बरा चाललेला असतो, कर्जाचे हप्ते वेळेवर जात असतात. मग सासूबाई पडतात, खुब्याचं हाड मोडतं, आणि मशीनवर कापड पडतं. गटाच्या वहीत आपण ‘हप्ता थकला’ एवढंच लिहितो. का थकला, ते कुठेच लिहीत नाही.

२०२४ च्या वेळ वापर पाहणीनुसार देशात घरकामात बाई दिवसाला २८९ मिनिटं घालवते, पुरुष ८८ मिनिटं. म्हाताऱ्या माणसांची संख्या वाढेल तसं हे काम वाढणार. ते सगळं बाईवरच पडलं, तर आधीच कमी झालेल्या हातांतले आणखी हात घरात अडकतील. म्हणून मुलाने आणि नवऱ्याने आजारी माणसाचं अंग पुसणं, औषध देणं हा घरातल्या मिळकतीचाही प्रश्न आहे.

काहीजण म्हणतात, मग जास्त मुलं होऊ द्या. आंध्र प्रदेशाने तर स्थानिक निवडणुकीतली दोन अपत्यांची अट २०२४ मध्ये काढून टाकली. पण आज जन्मलेलं बाळ कमावतं व्हायला वीस वर्षं लागतात. तोवर खर्च वाढतो आणि आईचं काम सुटतं. मुलं किती, हे त्या बाईने ठरवावं. आज जी मुलगी आहे ती शिकली, जी बाई आहे तिला काम करता आलं, तर उपयोग लवकर दिसतो.

आपण काय करू शकतो?

बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात, आणि नवरा बहुधा वयाने मोठा असतो. म्हणजे म्हातारपणाची शेवटची वर्षं बऱ्याच जणींना एकटीने काढावी लागतात, त्याही जमीन नावावर नसताना. म्हणून :

१. वय १८ ते ४० असेल आणि प्राप्तिकर भरत नसाल, तर बँकेत अटल पेन्शन योजनेची चौकशी करा. साठीनंतर दरमहा ५००० रुपये हवे असतील तर १८ व्या वर्षी सुरू केल्यास महिन्याला २१० रुपये, ३० व्या वर्षी ५७७ आणि ४० व्या वर्षी १४५४ रुपये भरावे लागतात. उशीर महाग पडतो. महागाईमुळे तेव्हाचे ५००० आजच्याइतके पुरणार नाहीत, म्हणून गटातली बचतही चालू ठेवा.

२. ६५ च्या पुढच्या गरीब व्यक्तींसाठी श्रावणबाळ योजना आहे, दरमहा १५०० रुपये. अर्ज तहसील कार्यालयात.

३. वय ७० झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड मिळतं. त्यावर कुटुंबातल्या ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात.

४. हप्ता थकला की कारण विचारा आणि वहीत लिहा. घरात आजारपण असेल तर हप्त्याची मुदत वाढवण्याचा ठराव करा.

पुढच्या मासिक बैठकीत एक काम करा. गटातल्या प्रत्येकीने सांगायचं : माझं वय किती, आणि साठीनंतर माझ्या स्वतःच्या नावावर दरमहा किती येणार? ज्या ताईचं उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तिच्यापासून सुरुवात करू या.