माओ, गीगी आणि वेरूळची राणी

१९७१ च्या अखेरीस विशाखापट्टणमजवळच्या समुद्रात एक म्हातारी विनाशिका दुसऱ्याच नौकेचं नाव लावून फिरत होती. तिचं खरं नाव ‘आयएनएस राजपूत’. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात ती ‘रॉदरहॅम’ होती. आता तिची निवृत्ती जवळ आली होती. पण वायरलेसवर ती विक्रांतच्या नावाने बोलत होती, आणि भरपूर बोलत होती. खरी विक्रांत, म्हणजे भारताची तेव्हाची एकुलती एक विमानवाहू नौका, त्या वेळी दूर अंदमानाच्या आडोशाला जाऊन थांबली होती.

पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल नीलकंठ कृष्णन यांनी ही युक्ती नंतर स्वतःच लिहून ठेवली. विशाखापट्टणमच्या ठेकेदारांकडे मटण आणि ताज्या भाजीपाल्याची एवढी मोठी मागणी नोंदवली गेली, की बंदरात कुणी हेर असलाच तर मोठं जहाज येतंय हे त्याला कळावं. त्याहून सुंदर म्हणजे एक तार. विक्रांतवरच्या कुणा खलाशाची आई फार आजारी आहे, तिची तब्येत कशी आहे, अशी विचारणा करणारी खासगी तार मुद्दाम साध्या, उघड्या भाषेत पाठवली गेली. विक्रांतच्या शिकारीला निघालेली पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमच्या तोंडाशीच बुडाली. राजपूतने टाकलेल्या पाणबुडीविरोधी स्फोटकांनी (डेप्थ चार्ज) ती बुडाली असं आपलं नौदल सांगतं, तर तिच्या स्वतःच्याच सुरुंगाचा स्फोट झाला असं पाकिस्तानचं म्हणणं. वाद कसाही मिटो, गाझी तिथवर आली ती विक्रांत तिथे आहे असं मानून. ही पाणबुडीही नाव बदलून आलेली होती. अमेरिकेने १९६४ मध्ये ती पाकिस्तानला भाड्याने दिली, त्याआधी तिचं नाव ‘डायब्लो’, म्हणजे सैतान, होतं.

समुद्रावर आणि आकाशात कोण कुठे आहे हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिथे नावाला एवढं मोल. वायरलेसवर उच्चारलेलं नाव हीच ओळख. नौदलात हाकेची ही नावं, ज्यांना सगळे कॉलसाइन म्हणतात, अनेक थरांची असतात. नौकेला एक असतं, विमानांच्या तुकडीला एक, त्या दिवसाच्या उड्डाणाला एक आणि वैमानिकाला एक. उड्डाणाचं अधिकृत नाव युद्धकाळात वरचेवर बदलतात, म्हणजे शत्रूने ऐकलं तरी त्याला माग लागत नाही. वैमानिकाचं नाव मात्र एकदा चिकटलं की सहसा आयुष्यभराचं, आणि गमतीच्या सगळ्या गोष्टी तिथेच आहेत.

पंढरपूर-टेंभुर्णी रस्त्यावरच्या आमच्या करकंबात ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. एका आळीत एकाच नावाचे चार जण असले की गाव आपोआप त्यांना वेगळं करतं. कुणाच्या चालीवरून, कुणाच्या धंद्यावरून, तर कुणाच्या शाळेतल्या एखाद्या फजितीवरून. ते नाव माणूस स्वतः निवडत नाही, आणि त्याला ते आवडत नाही असं दिसलं की आणखी घट्ट बसतं. विमानवाहू नौकेवर नेमकं हेच घडतं, फक्त तिथे नाव छोटं लागतं. एकाच लहरीवर अनेक जण बोलत असतात, कानात इंजिनांचा गोंगाट असतो, आणि ‘सिंग’ किंवा ‘कुमार’ अशी हाक मारली तर तिघे उत्तर देतील. एक-दोन अक्षरांचं, दुसऱ्या कुणाशी गफलत होणार नाही असं नाव तिथे कामाचं.

अमेरिकी नौदलात या नावांचा पसारा सर्वांत मोठा आहे. ‘टॉप गन’ हा १९८६ चा सिनेमा पाहून लोकांना वाटतं की सगळे ‘मॅव्हरिक’ आणि ‘आइसमन’ असतात. प्रत्यक्षात असं शूरवीराचं नाव जवळपास कुणालाच मिळत नाही. नवा वैमानिक तुकडीत आला की सहकारी त्याच्यावर लुटुपुटीचा खटला भरतात, त्याच्या आडनावाची मोडतोड होते, त्याच्या चुका उकरून काढल्या जातात आणि त्यांतून नाव ठरतं. एफ-१४ विमानावर ४,८०० तासांहून अधिक उड्डाण केलेला, प्रात्यक्षिकांसाठी जगभर गाजलेला डेल स्नॉडग्रास हा सगळ्यांचा ‘स्नॉर्ट’ होता, म्हणजे नाकातून फुरफुरणारा. आज अंतराळवीर म्हणून ओळखला जाणारा व्हिक्टर ग्लोव्हर नौदलात ‘आइक’ झाला. हे नाव ऐकायला भारदस्त, एका राष्ट्राध्यक्षाचं लाडकं नाव. पण त्याच्या पहिल्या कमांडरने ते ‘आय नो एव्हरीथिंग’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून दिलं होतं. सर्वज्ञ! नव्या पोराच्या आत्मविश्वासाला यापेक्षा प्रेमळ चिमटा कोण काढणार?

या खेळात चिमटा आणि आपुलकी एकाच हातात असतात, हे मला कारा हल्टग्रीनच्या गोष्टीत सर्वांत जास्त जाणवतं. अमेरिकेच्या विमानवाहू नौकेवरून लढाऊ विमान उडवणारी ही पहिली महिला वैमानिक. उंच, दणकट बांध्याची, म्हणून तिला ‘हल्क’ म्हणत. पुढे एकदा ती दूरचित्रवाणीवर मेकअप करून दिसली, आणि सहकाऱ्यांनी तिचं नाव बदलून ‘रेव्हलॉन’ केलं, सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीचं. पुरुषांच्या त्या जगात बाईला वेगळं, जपून वागवणं सोपं होतं. पण इतर कुणाचीही करावी तशीच तिची चेष्टा झाली, आणि मला तो तिला आपल्यात घेण्याचा मार्ग वाटतो. २५ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘अब्राहम लिंकन’ या नौकेवर उतरण्याच्या प्रयत्नात तिचं एफ-१४ समुद्रात कोसळलं आणि ती गेली. ही नावं हसरी असली तरी ज्या कामात ती दिली जातात ते काम असं आहे.

नौकांचीही अशी हाकेची नावं असतात. अब्राहम लिंकनची हाक ‘युनियन’, अर्थात यादवी युद्धात लिंकनने राखलेलं संघराज्य. ‘थिओडोर रूझवेल्ट’ची ‘रफ रायडर’, कारण रूझवेल्ट त्या नावाच्या घोडदळातून लढला. ‘निमिट्झ’ची ‘ओल्ड सॉल्ट’, म्हणजे मुरलेला जुना खलाशी. ‘जॉर्ज बुश’ नौकेची ‘अॅव्हेंजर’, कारण दुसऱ्या महायुद्धात थोरले बुश त्याच नावाचं विमान उडवत होते. प्रत्येक नावामागे थोडा इतिहास आहे, आणि डेकवर रोज शेकडो वेळा तो उच्चारला जातो.

आता आपल्याकडे. ४ डिसेंबर १९७१ रोजी गाझी तळाला गेली असताना खऱ्या विक्रांतवरून सी हॉक विमानांनी पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ला केला. विक्रांतच्या एका बॉयलरला तडे गेले होते, त्यामुळे तिचा वेग मर्यादित होता, आणि कमी वेगाच्या नौकेवरून विमान उडवणं आणखी कठीण. सी हॉक विमानांच्या ‘व्हाइट टायगर्स’ तुकडीचे प्रमुख होते संतोषकुमार गुप्ता. त्या युद्धातल्या कामगिरीबद्दल त्यांना महावीरचक्र मिळालं. महावीरचक्राचे मानकरी गुप्ता नौदलाच्या वर्तुळात मात्र ‘गीगी’. त्याच विक्रांतवर १८ मे १९६१ रोजी विमान उतरवणारे पहिले भारतीय वैमानिक राधाकृष्ण ताहिलियानी. पुढे ते नौदलप्रमुख झाले, तरी जुन्यांसाठी ‘टॅली’च राहिले. पदं वाढत गेली, पण हाक तीच.

मराठी आडनावही या यादीत आहे. ११ जानेवारी २०२० रोजी स्वदेशी बनावटीच्या ‘तेजस’च्या नौदल आवृत्तीने ‘विक्रमादित्य’ या विमानवाहू नौकेवर पहिल्यांदा उतरण्याचा पराक्रम केला. वैमानिक होते कमोडोर जयदीप मावळणकर, नौदलातले ‘माओ’. डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरांपैकी एकात विमानाचा आकडा अडकतो आणि ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने येणारं विमान अवघ्या ९० मीटरच्या आसपास थांबतं. त्यासाठी मिळतात जेमतेम अडीच सेकंद. त्याआधीचा सगळा सराव गोव्यात दाबोळीच्या किनाऱ्यावर झाला. तिथे नौकेच्या डेकसारखीच उतरण-चढण जमिनीवर बांधलेली आहे.

दाबोळीचा तळ म्हणजे ‘आयएनएस हंसा’, आणि इथे भारतीय नौदलाची खास आपली रीत दिसते. अमेरिकेत बहुतेक नावं माणसांची, राज्यांची आणि लढायांची. आपल्या नौदलाने मात्र विमानतळांची नावं पक्ष्यांवरून ठेवली. कोचीचा ‘गरुड’ १९५३ पासूनचा. त्यानंतर ‘हंसा’, विशाखापट्टणमचा ‘डेगा’, अरक्कोणमचा ‘राजाली’, पोर्ट ब्लेअरचा ‘उत्क्रोश’, रामनाथपुरमजवळचा ‘परुंदु’, निकोबारच्या टोकावरचा ‘बाझ’, उत्तर अंदमानातला ‘कोहासा’. मुंबईच्या कुलाब्यातला ‘शिक्रा’ २००९ मध्ये त्या नावाने ओळखला जाऊ लागला. तेलुगू मुलखात तेलुगू ससाणा, तमिळ मुलखात तमिळ घार, आणि मुंबईत आपल्या शेतांच्या बांधावर दिसणारा शिक्रा. ज्या भूमीवर तळ तिथल्याच भाषेतला पक्षी निवडणं मला फार मनापासून आवडतं. आमच्या जिल्ह्यातल्या नान्नजचा माळढोक किंवा उजनीच्या फुगवट्यावर येणारे रोहित यांना अजून असा मान मिळालेला नाही. तो कधीतरी मिळावा, एवढी इच्छा नोंदवून ठेवतो.

तुकड्यांची नावंही तशीच झोकदार. अलिझे विमानांच्या ‘कोब्राज’, सी किंग हेलिकॉप्टरांच्या ‘हार्पून्स’, मिग-२९केच्या ‘ब्लॅक पँथर्स’. मुंबईच्या शिक्रा तळावरच्या चेतक हेलिकॉप्टरांची तुकडी ‘एंजल्स’, कारण समुद्रात पडलेल्यांना उचलून आणण्याचं काम तिच्याकडे. ६ मार्च २०२४ रोजी कोचीत नव्या एमएच-६०आर हेलिकॉप्टरांची तुकडी उभी राहिली आणि तिला ‘सीहॉक्स’ नाव मिळालं. ही हेलिकॉप्टरं बोलताना सगळ्यांची ‘रोमिओ’, कारण रेडिओवर आर अक्षर ‘रोमिओ’ म्हणून उच्चारतात. १९७१ च्या त्या जेट विमानांचं नाव अशा रीतीने आकाशात पुन्हा आलं, पण या वेळी पंख्यांच्या घरघरीसह.

या सगळ्यांत माझी सर्वांत आवडती तुकडी ‘अल्बट्रॉस’, क्रमांक ३१२. दक्षिण महासागरावर तासन्‌तास पंख न हलवता तरंगणाऱ्या पक्ष्याचं नाव, दूरवरच्या सागरी टेहळणीच्या विमानांना. नोव्हेंबर १९७६ मध्ये दाबोळीत तुकडी सुरू झाली तेव्हा तिच्याकडे सुपर कॉन्स्टेलेशन जातीची चार इंजिनांची लांबलचक विमानं होती. मुळात ती एअर इंडियाची प्रवासी विमानं, आणि एअर इंडिया त्यांना राण्यांची नावं देत असे. त्यांतल्या एकीचं नाव ‘रानी ऑफ एलोरा’. आपली वेरूळची राणी! जगभर प्रवासी वाहून नेल्यावर ती हवाई दलात गेली, मग नौदलात, आणि म्हातारपणी अल्बट्रॉस तुकडीत समुद्रावर नजर ठेवत उडू लागली. पुढे रशियन टीयू-१४२ विमानं आली, २०१७ मध्ये तीही निवृत्त झाली, आणि आता ही तुकडी पी-८आय विमानं उडवते.

तिच्या नावाचं सार्थक सप्टेंबर २०१८ मध्ये झालं. अभिलाष टॉमी हे नौदलाचे वैमानिक एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत होते. त्यांची शिडाची नौका ‘थुरिया’ गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या अॅक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेली. याच गोदीतल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे हे पहिले भारतीय एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले होते. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात थुरियाच्या डोलकाठ्या मोडल्या, टॉमी यांच्या पाठीला जबर मार बसला आणि ते हलूही शकत नव्हते. २३ सप्टेंबरला मॉरिशसहून निघालेल्या भारतीय पी-८आय विमानाने लाटांमध्ये हेलकावणारी ती नौका शोधून काढली. दुसऱ्या दिवशी फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ जहाजाने टॉमींना वाचवलं. खऱ्या अल्बट्रॉस पक्ष्यांच्या मुलखात अल्बट्रॉस तुकडी आपला वैमानिक शोधायला गेली होती.

विक्रांत ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली आणि २०१४ मध्ये मुंबईत तोडली गेली. तिचं थोडं पोलाद बजाजने विकत घेतलं आणि २०१६ मध्ये ‘व्ही’ नावाच्या मोटारसायकलींत वापरलं. आपल्या भागातल्या रस्त्यावर अशी एखादी गाडी दिसली, तर तिच्या लोखंडात १९७१ च्या समुद्राचा अंश आहे हे जरूर लक्षात ठेवा. तिच्यामागून आपल्या नौदलात आलेली ‘विराट’ मात्र ६ मार्च २०१७ ला निवृत्त होऊन अलंगला गेली. ब्रिटिशांकडे ती ‘हर्मिस’, खलाशांच्या तोंडी ‘हॅपी एच’, आपल्याकडे ‘ग्रँड ओल्ड लेडी’.

नाताळच्या सुट्टीत गोव्याला जाणार असाल, तर दाबोळीहून थोड्याच अंतरावर बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. १९९८ मध्ये सुरू झालं ते. सी हॉक, अलिझे, सी हॅरियर, सगळी तिथे आहेत, आणि उघड्या आकाशाखाली तीन शेपट्यांची, लांब कमानदार अंगाची वेरूळची राणीही उभी आहे. मुलांना आत न्या, आणि आयएन ३१५ हा क्रमांक शोधायला लावा, म्हणजे ती सापडेल.