सूक्ष्मदर्शकामागचा माणूस

बारावीचा निकाल लागला की मुंबई-गोवा महामार्गावरील खांबसारख्या गावातही तोच प्रश्न घरोघर ऐकू येतो : डॉक्टरकीला प्रवेश मिळेल का? तो न मिळाल्यास मुलाचे विज्ञान वाया गेले, असे मानले जाते. मग कोणीतरी वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम सुचवितो, तोही सांत्वनाच्या सुरात. हा सूर बदलला पाहिजे.

१९५२ साली मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी एका नव्या रक्तगटाचा शोध 'लॅन्सेट' या नियतकालिकातून जगापुढे मांडला. आज तो 'बॉम्बे रक्तगट' म्हणून सर्वत्र ओळखला जातो. भारतात सुमारे दहा हजारांत एखाद्याचेच रक्त या गटाचे असते. नेहमीच्या तपासणीत ते 'ओ' गटाचे भासते. परंतु 'ओ' गटात असणारा 'एच' हा घटक त्यात नसतो. अशा रुग्णास 'ओ' गटाचे रक्त दिल्यास प्राणावर बेतते. रक्त जुळवून पाहताना आढळलेली विसंगती 'काहीतरी चुकले असेल' म्हणून सोडून न देणारा तंत्रज्ञच येथे त्याचा त्राता ठरतो.

असे प्रसंग विरळा, हे खरे. पण कोकणातील पावसाळा दरवर्षीचाच आहे. हिवताप आणि लेप्टोस्पायरोसिस या दोहोंत थंडी वाजते, ताप चढतो, अंग मोडून येते. औषधे मात्र वेगळी. निवाडा होतो तो रक्ताच्या तपासणीने. काचपट्टी घाईने पाहिली, तर निष्णात डॉक्टरचाही उपचार चुकीच्या वाटेने जातो.

२०२१ च्या राष्ट्रीय कायद्याने वैद्यकीय प्रयोगशाळेतील कामास आरोग्यव्यवसायांत स्थान दिले आहे. विज्ञान शाखेतील विद्यार्थ्यास पदविका आणि पदवी असे दोन्ही मार्ग खुले आहेत. मात्र शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी व शिक्षकांनी दोन गोष्टींची खात्री करून घ्यावी : संस्थेस अधिकृत मान्यता आहे काय, आणि प्रत्यक्ष रुग्णालयात शिकण्याची सोय आहे काय? केवळ भिंतीवरचे प्रमाणपत्र देणारे शिक्षण विद्यार्थ्याची फसवणूक करते, आणि पुढे रुग्णाचीही.

या व्यवसायात कीर्ती थोडी. रुग्ण डॉक्टरचे नाव आयुष्यभर स्मरतो. अहवाल तयार करणाऱ्याचे नाव तो वाचतही नाही. तथापि, कोणी पाहत नसताना काम चोख करण्याची ज्याची वृत्ती आहे, त्याच्यासाठी हा दुय्यम पर्याय नव्हे. त्याने तो पहिला म्हणूनच निवडावा.