विश्लेषण : खोबरेल तेल त्वचेला ओलावा देते की आहे तो फक्त धरून ठेवते?

पलूस तालुक्यातील कुंडल परिसरात सध्या दोन गोष्टी एकाच वेळी सुरू आहेत : थंडी आणि ऊसतोड. क्रांतिअग्रणी डॉ. जी. डी. बापू लाड सहकारी साखर कारखान्याच्या गाळपासाठी पहाटेपासून फडात कोयते चालतात, द्राक्षबागांमध्येही कामाची घाई असते. याच दिवसांत हात खरखरीत होतात, पिंढऱ्यांवर पांढरे ओरखडे उठतात, टाचांना भेगा पडतात. बहुतेक घरांत त्यावर पहिला उपाय एकच, फडताळातली खोबरेल तेलाची बाटली. महागड्या क्रीमपेक्षा घरचे तेल बरे, असे सांगणाऱ्या चित्रफिती मोबाइलवर रोज फिरतात आणि ‘तेलाने काही होत नाही’ असे सांगणाऱ्याही. खरे काय? तेल नेमके काय करते आणि कुठे त्याचा उपयोग थांबतो?

त्वचा कोरडी का पडते?

त्वचेचा सर्वांत वरचा थर अतिशय पातळ असतो. तो मृत पेशींचा बनलेला असला तरी निरुपयोगी नसतो. भिंतीची रचना डोळ्यांसमोर आणली तर पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधील स्निग्ध पदार्थ म्हणजे दर्जा. या दर्जा नीट भरलेल्या असतील तर शरीरातील पाणी आत राहते. त्या उघड्या पडल्या की पाणी सतत बाहेरच्या हवेत उडून जाते. हा घाम नव्हे, ही डोळ्यांना न दिसणारी गळती आहे. थंडीत हवा कोरडी असल्याने गळती वाढते. त्यात कडक पाण्याची आंघोळ आणि अंगाला कपडे धुण्याचा साबण लावण्याची सवय असेल तर उरलेली स्निग्धताही धुऊन जाते. वरच्या थरातील पाणी ठरावीक पातळीखाली गेले की तो लवचीक राहत नाही, आधी कोंडा सुटल्यासारखा दिसतो आणि मग तडकतो.

वयानुसार हा त्रास वाढतो. साठीनंतर त्वचेतील स्निग्ध पदार्थ कमी तयार होतात, म्हणून घरातील आजी-आजोबांच्या पायांना थंडीत आधी खाज सुटते.

मग तेल काय करते?

इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. खोबरेल तेलात पाणी नसते, त्यामुळे ते त्वचेला ओलावा ‘देऊ’ शकत नाही. ताकारी योजनेच्या कालव्याला अस्तरीकरण केले म्हणून कालव्यात पाणी येत नाही. कृष्णेतून पाणी उचलावेच लागते. अस्तराने फक्त पाझर थांबतो. तेलाचे काम तेवढेच आहे, पण ते तो नीट करते.

खोबरेल तेलातील जवळपास निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो. तेल पेशींमधल्या फटींमध्ये शिरून त्वचा मऊ करते आणि वर पातळ थर धरून पाणी उडण्याचा वेग कमी करते. बाजारातील चांगल्या क्रीममध्ये याशिवाय आणखी एक घटक असतो, ग्लिसरीन किंवा युरियासारखा पाणी ओढून धरणारा. तो तेलात नाही. दुसऱ्या टोकाला पेट्रोलियम जेली आहे. ती पाणी अडवण्यात खोबरेलापेक्षा सरस आहे, फक्त चिकट लागते आणि तिला धूळ बसते.

म्हणजे कोरड्या, खडखडीत त्वचेवर दुपारी तेल चोळले तर चकाकी येते, पण धरून ठेवायला आत पाणीच नसते. आंघोळीनंतर अंग पंचाने रगडून न पुसता टिपून घ्यावे आणि त्वचा किंचित ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, तेल लावावे. बाकी काहीही न बदलता एवढाच क्रम बदलला तरी फरक जाणवतो. अभ्यंगाची आपली पद्धत याच्या उलट आहे : आधी तेल, मग उटणे आणि ऊन पाणी. दिवाळीच्या पहाटे ते ठीक आहे, आंघोळीआधीचे तेल साबणापासून थोडे रक्षणही करते. पण उटण्याबरोबर बरेचसे तेल निघून जाते, त्यामुळे दिवसभरासाठी ते पुरत नाही.

अभ्यास काय सांगतात?

या विषयावरचे सर्वाधिक उद्धृत होणारे दोन अभ्यास फिलिपिन्समधील आहेत, तेही नारळाचाच देश. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोरड्या त्वचेच्या ३४ रुग्णांवर दोन आठवडे व्हर्जिन खोबरेल तेल आणि खनिज तेल यांची तुलना झाली. दोन्ही सारखीच परिणामकारक आणि सुरक्षित ठरली. २०१४ मधील अभ्यास ॲटोपिक डर्मटायटिस, म्हणजे वारंवार उद्भवणारा इसब असलेल्या ११७ मुलांवरचा होता. आठ आठवड्यांनंतर खोबरेल लावलेल्या गटात आजाराच्या तीव्रतेचा निर्देशांक सरासरी ६८ टक्क्यांनी घटला, खनिज तेलाच्या गटात ३८ टक्क्यांनी.

आकडे चांगले आहेत. मात्र दोन्ही अभ्यास लहान आहेत, आणि वापरलेले तेल व्हर्जिन प्रकारचे, म्हणजे ताज्या नारळाच्या दुधापासून फार उष्णता न देता काढलेले. किराणा दुकानात मिळणारे तेल बहुधा सुक्या खोबऱ्यापासून काढलेले असते. स्निग्ध आम्लांचे प्रमाण दोन्हींत जवळपास सारखेच असते, त्यामुळे केवळ कोरडेपणासाठी साधे शुद्ध तेल पुरेसे आहे. लाकडी घाण्याच्या तेलाला दुप्पट पैसे मोजायचे असतील तर ते चवीसाठी आणि वासासाठी मोजावेत.

टाचांच्या भेगांवर चालते का?

थोडेसे चालते. टाचेची त्वचा मुळातच जाड असते, अनवाणी किंवा मागून उघड्या चपलांमध्ये ती आणखी निबर होते आणि वजन पडले की कडेने तडकते. एवढ्या जाड थरात नुसते तेल खोल शिरत नाही. रात्री पाय १५ मिनिटे कोमट पाण्यात ठेवून, मऊ झालेली कड हलक्या हाताने घासून, लगेच तेल किंवा पेट्रोलियम जेली लावावी आणि सुती मोजे घालून झोपावे. आठवडाभरात फरक नसेल तर औषध दुकानात मिळणारे युरियायुक्त मलम अधिक उपयोगी, कारण ते निबर थर सैल करते.

कोकणात यासाठी जुना आणि अधिक हुशार उपाय होता : मुठेल. कोकमाच्या बियांतून काढलेल्या तेलाचे हे मुठीने वळलेले गोळे. खोबरेल साधारण २४-२५ अंशांना वितळते, कोकमाचे तेल मात्र ४० अंशांच्या आसपास. त्यामुळे ते भेगेत मेणासारखे भरून राहते, चादरीला पुसले जात नाही. घाटावरच्या आठवडी बाजारात ते कधी दिसले तर घेऊन ठेवण्यासारखे आहे.

मधुमेह असेल तर मात्र यातले निम्मे सांगणे रद्द. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि तो आता शहरापुरता राहिलेला नाही. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, पाणी किती कडक आहे ते कळत नाही, भेग खोल गेलेली जाणवत नाही. अशा रुग्णांनी पाय पाण्यात भिजवत ठेवू नयेत, दगडाने किंवा ब्लेडने टाच घासू नये. पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळव्याला आणि टाचेला हलके तेल किंवा मलम लावावे. बेचक्यांत लावू नये, तिथे ओल राहून बुरशी वाढते. भेगेतून रक्त, पाणी किंवा दुर्गंधी येत असेल, कड लाल आणि गरम लागत असेल तर तेलाची बाटली बाजूला ठेवून त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालयही या भागाला जवळ आहे. पायाची जखम आठवडाभर ‘तेलाने बरी होईल’ म्हणून ठेवल्यामुळे बोट किंवा पाऊल गमवावे लागू शकते.

शेतात जाण्यापूर्वी लावले तर?

उसाच्या पाल्याची धार आणि त्यावरची कूस यांपासून तेल वाचवत नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा, पायमोजे हाच उपाय. संध्याकाळी हातपाय धुतल्यावर मात्र तेलाचा उपयोग आहे.

द्राक्षबागेत अधिक काळजी हवी. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना लावले जाणारे हायड्रोजन सायनामाइड त्वचेला भाजणारे रसायन आहे. ‘हाताला तेल चोळले की औषध लागत नाही’ हा समज धोकादायक आहे. तेलाचा थर हातमोज्यांची जागा घेत नाही. शिवाय तेलकट हातांवर साधे रबरी मोजे चढवले तर तेलाने रबर कमकुवत होऊन मोजे फाटतात. अशा कामासाठी नायट्राइलचे मोजे घ्यावेत.

बाळाला लावावे का?

लावावे, हलक्या हाताने. कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळांना अंगाला तेल लावण्याचा विचार करता येईल, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. मात्र बाळ अशक्त असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. नाकात आणि कानात तेल सोडण्याची पद्धत बंद व्हायला हवी. नाकातले तेल फुप्फुसात उतरले तर एक प्रकारचा न्यूमोनिया होतो. आणि कापूर घातलेले खोबरेल, जे सर्दी झाली की अनेक घरांत छातीला चोळले जाते, ते तान्ह्या बाळांना अजिबात लावू नये. कापराने लहान मुलांना झटके येऊ शकतात.

कोणी टाळावे?

चेहऱ्यावर मुरुमे येणाऱ्यांनी चेहऱ्याला लावू नये, छिद्रे बुजतात. डोक्यात, भुवयांत, नाकाच्या कडेला तेलकट खपल्यांचा कोंडा होणाऱ्यांनीही नाही. त्या कोंड्यामागची मॅलेसेझिया ही बुरशी अशाच स्निग्ध आम्लांवर पोसते, म्हणजे तेल हे तिचे खाद्य. गजकर्णावरही हा इलाज नव्हे. लॉरिक आम्ल प्रयोगशाळेत जंतू मारते हे खरे, पण काचेच्या बशीतला परिणाम जांघेतल्या गजकर्णावर मिळत नाही, उपचार तेवढा लांबतो. उन्हापासूनही हे तेल भरवशाचे संरक्षण देत नाही. पहिल्यांदाच वापरत असाल तर कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून दोन दिवस पाहावे.

घरी क्रीम बनवताना काय चुकते?

नुसते तेल महिनोन्‌महिने टिकते, कारण त्यात पाणी नसते आणि पाण्याशिवाय जंतू वाढत नाहीत. कोरफडीचा गर, गुलाबपाणी किंवा दूध त्यात फेटले की दिसायला पांढरेशुभ्र ‘क्रीम’ तयार होते, पण आता त्यात पाणी आले आणि टिकवणारा घटक काहीच नाही. अशी बरणी काही दिवसांत जंतूंचे घर बनते, वास येण्याच्या आधीच. तेच फुटलेल्या त्वचेवर लावणे म्हणजे दुखण्याला आमंत्रण. कोरफड लावायचीच असेल तर ताजी चिरून त्वचेवर लावावी आणि वरून तेल. लिंबू पिळू नये. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले की भाजल्यासारखे डाग उठतात.

बाटली कोणती घ्यावी?

खोबरेल हे खाद्यतेल की केसांचे तेल, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मुद्दा कराचा होता : वस्तू व सेवा करात खाद्यतेलाला ५ टक्के, केसांच्या तेलाला १८ टक्के. २०१८ मध्ये दोन न्यायमूर्तींचे मत विभागले गेले. अखेर १८ डिसेंबर २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश संजीव खन्ना यांच्या अध्यक्षतेखालील तीन सदस्यीय पीठाने निर्णय दिला की लहान बाटलीत विकले म्हणून शुद्ध खोबरेल केसांचे तेल ठरत नाही. ते खाद्यतेल म्हणूनही विकले जाऊ शकते. पॅराशूट बनवणाऱ्या मुंबईच्या मॅरिकोसह साऱ्या उद्योगाचे या निकालाकडे लक्ष होते. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून केसांच्या तेलावरील करही ५ टक्के झाला, त्यामुळे करातला फरक मिटला.

ग्राहकासाठी फरक मिटलेला नाही. एकाच फळीवर शेजारी शेजारी दिसणाऱ्या दोन बाटल्यांपैकी एकीत फक्त खोबरेल असते, दुसरीत खनिज तेल, सुगंध आणि रंगही असू शकतो. अंगाला लावण्यासाठी खाद्यतेलाचा परवाना क्रमांक आणि घटकांत केवळ ‘खोबरेल तेल’ लिहिलेली बाटली घ्यावी. थंडीत थिजते ते शुद्ध, ही घरगुती परीक्षा अर्धीच खरी आहे. कडाक्याच्या थंडीत अजिबात न थिजणाऱ्या तेलाबद्दल शंका घ्यावी, पण पाम बियांचे तेलही जवळपास त्याच तापमानाला थिजते. थिजलेली बाटली गॅसवर धरू नये, कोमट पाण्यात पाच मिनिटे उभी करावी.

२०२५ मध्ये खोबरेलाचे दर लिटरमागे ४०० रुपयांच्या पुढे गेले, त्यामुळे ‘घरचे म्हणून फुकट’ हा हिशेब आता उरलेला नाही. हातापायांना रोज एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर धरले तर महिन्याला १५० मिलिलिटर, साधारण ६० रुपये माणशी. चौघांच्या घरात २४० रुपये. ओल्या त्वचेवर लावले तर हाच चमचा अधिक पसरतो आणि कमी लागतो.